धम्मपालच्या रिळाची दोरी

धम्मपाल खरातच्या उजव्या अंगठ्यात आता काही उरलेलं नाही, हे घरातलं कुणी बोलायच्या आधी रेशन दुकानातल्या मशीननं सांगून टाकलं. चार वेळा त्यानं अंगठा टेकवला, चारही वेळा लाल दिवा. मागं रांग खोळंबलेली. दुकानदार म्हणाला, "मामा, दुसरं बोट द्या ना." धम्मपालनं दुसरं बोट दिलं, गहू-तांदूळ घेतले आणि घरी पिशवी खाली ठेवताना बायकोला म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून तूच जात जा."

रूपानं पिशवी उचलून आत नेली. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली तिचं शिलाई मशीन होतं. गल्लीतले ब्लाउज, साड्यांचे फॉल, शाळेचे गणवेश ती शिवायची. नवरा गप्प असला की त्याला बोलतं करायच्या फंदात ती पडत नसे. मशीन जरा जोरात चालवायची, इतकंच.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात धम्मपाल एकोणीस वर्षं पॉवर प्रेसवर होता. पत्रा ठेवायचा, हात काढायचे, प्रेस खाली येणार, भाग तयार. मागच्या हिवाळ्यात एकदा पत्रा तिरका बसला, तो सरळ करायला त्याचा हात गेला आणि प्रेस खाली आला. कुणाचं चुकलं यावर पुष्कळ कागद रंगले. डॉक्टरांनी अंगठा वाचवला म्हणायचा. पुढचं अर्धं पेर गेलं आणि राहिलं त्यावर मांडीची कातडी बसवली. जखम भरली, पण सुई टोचली तरी त्या कातडीला पत्ता लागत नसे. परत कामावर गेला तेव्हा साहेबांनी त्याला स्टोअरला बसवलं. काम हलकं होतं. जेवणाच्या सुट्टीत जुने सोबती त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले, तेव्हापासून त्यानं उजवा हात खिशात ठेवायची सवय लावून घेतली.

पण त्याला खरी चुटपुट लागली होती ती मासे धरणं सुटल्याची. वैजापूरकडच्या गावी, नदीच्या डोहावर, बापानं त्याला गळ टाकायला शिकवलं होतं. शहरात येऊन कामगार झाला तरी रविवार त्यानं कधी सोडला नव्हता. फुलंब्रीच्या पुढं एक तलाव होता. तिथल्या मच्छीमार संस्थेची गळासाठी परवानगी होती आणि तलावाला लागूनच आप्पासाहेबांचं अद्रकीचं रान होतं. सत्तरी गाठलेले, धिप्पाड, बोलघेवडे आप्पासाहेब बांधावर बसून धम्मपालचा गळ बघत आणि जगभरच्या गप्पा मारत. अपघातानंतर आठ महिने धम्मपाल तिकडं फिरकला नाही. गळाला गांडूळ लावायला अंगठा लागतो. गाठ मारायलाही लागतो.

शेवटी एका शनिवारी रूपाच म्हणाली, "उद्या जाऊन या तलावावर. डबा करून देते."

"जाऊन काय करू?"

"काहीबी करा. पाण्याकडं बघत बसा. पण दर रविवारी माझ्या मशीनकडं बघत बसू नका. माझे टाके चुकायला लागलेत."

आप्पासाहेबांनी त्याला लांबूनच ओळखलं. हाताबद्दल त्यांनी विचारलं नाही. त्यांना सगळी खबर होती. चहा झाल्यावर ते त्याला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं कडब्याच्या पेंढ्यांखाली एक केशरी रंगाची प्लास्टिकची लांबोळी नाव पडली होती. एकाच माणसानं पाय पसरून बसायचं आणि दुतोंडी वल्ह्यानं हाकायचं, असली. "विश्वजीतनं आणली," आप्पासाहेब म्हणाले. विश्वजीत त्यांचा मुलगा. "कयाक म्हणतेत हिला. चार-पाच डाव पाण्यात घातली अन् साहेबाची बदली झाली चेन्नईला. तीन वर्षं झाली, माझ्या गाई बघतेत तिच्याकडं. घाल तू पाण्यात. काठावरून किती दिवस टाकशील गळ?"

नावेसोबत एक आखूड, ताठ काठी होती आणि तिच्यावर एक छोटं, चपटं, जड रीळ. धम्मपालनं ते हातात घेतलं. यंत्र चांगलं असलं की त्याच्या हाताला कळायचं. त्यानं मूठ फिरवली, आतले दाते लोण्यासारखे फिरले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला कशाचा तरी लोभ सुटला.

आप्पासाहेबांनी तिथूनच मुलाला फोन लावून दिला. विश्वजीत आदबीनं बोलला. "काका, कयाक खुशाल वापरा. पण ते रीळ राहू द्या. ते बेटकास्टर आहे. त्यात सगळा खेळ अंगठ्याचा असतो. तुम्ही आपलं साधं स्पिनिंग रीळ घ्या."

"बरं," धम्मपाल म्हणाला आणि ते रीळ घेऊनच पाण्यात गेला.

खेळ अंगठ्याचा म्हणजे काय, हे त्याला पहिल्याच फेकीत समजलं. साध्या रिळातून दोरी आपसूक सुटते. या रिळात गळ पुढं झेपावला की दोरीची बॉबिन स्वतः गरगर फिरते आणि गळ पाण्याला टेकताक्षणी ती अंगठ्यानं दाबून थांबवायची असते. नाही थांबवली तर दोरी बाहेर जायची थांबते, पण बॉबिन फिरतच राहते आणि रिळाच्या पोटात चिमणीचं घरटं तयार होतं. धम्मपालचं घरटं चांगलं मुठीएवढं झालं. त्यात विश्वजीतची दोरी तीन उन्हाळे पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली, तारेसारखी ताठ, वेटोळं सोडायला तयार नाही. तो डोकं खाली घालून गुंता सोडवत बसला आणि वाऱ्यानं कयाक हळूहळू नेऊन पाण्यात बुडालेल्या बाभळींत घातली. काट्यांतून बाहेर येईपर्यंत डबा खायची वेळ टळून गेली होती.

घरी रूपानं तो गुंता उचलून बघितला. "हे काय आणलं धरून?"

"मासा न्हाई, दोरी हाये."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसली.

शहागंजच्या बाजूला मुजीबभाईंचं जुनं दुकान होतं. जाळी, गळ, शिसं, काठ्या. मुजीबभाई साठीचे, गळ्यात चष्मा लोंबत असलेले, अर्धं मराठी अर्धं दखनी बोलणारे. त्यांनी काउंटरवर तीन दोऱ्यांची तीन टोकं मांडली. पहिला आपला तंगूस, नायलॉनचा, बांधकामावरचे मिस्त्रीही वापरतात तो. दुसरी फ्लोरोकार्बन, विश्वजीतच्या रिळावर होती ती. पाण्यात दिसत नाही, घासली तरी लवकर तुटत नाही, पण ताठ. तिसरी बारीक धाग्यांची वेणी घालून केलेली, रेशमासारखी मऊ. तिला सगळे ब्रेड म्हणतात.

"काठावरून टाकणार का?" मुजीबभाईंनी विचारलं.

"न्हाई, कयाकमधून."

"हौ? मग बात अलग है. काठावरचा माणूस झटका देऊन दोन पावलं मागं सरकतो. तुम्ही बसलेले. मागं कुठं सरकणार? नाव हलकी, मच्छी वढंल तिकडं नावेसकट तुम्ही जाणार. म्हणून ताणणारी दोरी तिथं दगा देते. ब्रेड ताणत नाही. पण ब्रेडला अंगठा पक्का लागतो. तुमचा कसा आहे?"

"चांगला हाये," धम्मपाल म्हणाला. हात खिशात होता. "पण आधी तंगूसच द्या."

का खोटं बोललो, हे त्याला दुकानातून बाहेर पडल्यावरही उमगेना.

तंगूस खरोखर गरीब निघाला. जाड, मऊ, चुकलं तरी सांभाळून घेणारा. घरटी व्हायची, पण बोटानं उकलायची. दोन रविवारांत त्याला रबरी बेडूक, गांडुळाऐवजी गळाला लावायचं खोटं आमिष, लव्हाळ्याच्या कडेला टाकता यायला लागला. तिसऱ्या रविवारी तिथं पाणी फुटलं, काठी वाकली आणि बेडूक नाहीसा झाला. मरळ मासा! धम्मपालनं अंगातली सगळी ताकद लावून काठी वर खेचली. पण बसल्या जागेवरून खेचून खेचून किती खेचणार? तंगूस रबरासारखा ताणला, कयाकच माशाकडं सरकली, गळ काही त्या हाडासारख्या टणक जबड्यात रुतला नाही. मरळीनं बेडूक थुंकला आणि गेली. पुढच्या तासाभरात हेच आणखी एकदा झालं. मुजीबभाई बोलले होते ते अक्षर न् अक्षर खरं ठरलं.

मग त्यानं ब्रेड घ्यायचं ठरवलं. पण मुजीबभाईंकडं जायला त्याचं पाऊल उचलेना. गेलो तर ते पुन्हा अंगठ्याचं विचारणार. त्यानं मोबाइलवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघितले. त्यातला एकजण म्हणत होता, दोरी जितकी बारीक तितकी लांब जाते. धम्मपालनं दुसऱ्या एका दुकानातून काळपट हिरवी, केसासारखी बारीक ब्रेड आणली आणि स्वतःच रिळावर भरली.

त्या रविवारी तलाव काचेसारखा निवांत होता. बेडूक लांब जात होता. मजा येत होती. तासाभरानं वल्हं उचलताना त्याला ते ओलं, निसरडं लागलं. बघतो तर दांड्यावर रक्त, मांडीवर रक्त, रिळावर रक्त. त्यानं इकडंतिकडं बघितलं. आधी वाटलं, माशाचं असेल. पण मासा तर अजून एकही नव्हता. मग त्यानं अंगठा उलटा करून बघितला. बारीक दोरीनं त्या बसवलेल्या कातडीत दोन खोल चिरा पाडल्या होत्या. करवतीसारखी दोरी तासभर कापत होती आणि त्याला काहीच कळलं नव्हतं.

दुखलं असतं तर तो ओरडला असता. काहीच दुखलं नाही, याचीच त्याला भीती वाटली. तो तलावाच्या मधोमध, वल्हं आडवं टाकून, कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. प्रेस खाली आला त्या दिवशीही त्याला रडू आलं नव्हतं. ते आज आलं. काठ लांब होता, बघणारं कुणी नव्हतं.

रुमाल गुंडाळून तो घरी आला आणि हात मागं धरूनच आत शिरला. रूपानं मशीन थांबवलं. "दाखवा."

"काही न्हाई, जरा खरचटलंय."

"दाखवा म्हणते ना."

तिनं रुमाल सोडला. मग उठली, कोमट पाणी आणलं, जखम धुतली आणि धुता धुता तिचा बांध फुटला. "त्या अंगठ्याला कळत न्हाई, पण तुम्हाला तर कळतं ना? सगळ्यांपासून लपवा. कंपनीपासून लपवा, दुकानदारापासून लपवा. पर माझ्यापासून लपवून हात कुठं ठेवणार आहात? याच घरात ना?"

"सोडून देतो ते रीळ," धम्मपाल म्हणाला. "नशिबात न्हाई ते न्हाई."

"सोडा म्हटलं का मी?" पट्टी बांधून झाली तरी तिनं त्याचा हात सोडला नव्हता. "आठ महिने तुम्ही या घरात सावलीसारखे वावरलात. गुंता घेऊन आलात त्या दिवशी पहिल्यांदा माणसासारखे हसलात. आणा इकडं ते रीळ."

तिनं ते दिव्याखाली धरलं, बोटानं दोरी दाबून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "कुणी भरली ही?"

"मी."

"किती ढिली भरलीये! वरचा पदर खालच्यात रुतून बसलाय. बॉबिन ढिली भरली तर माझ्या मशीनवरसुद्धा दोरा गुंततो. चिमटीत ताण धरून भरावी लागते. अन् इतका बारीक दोरा जाड कापडाला कुणी घालतं का? तुमच्या त्या दुकानदाराला नीट विचारून या. हात बाहेर काढून विचारा."

जखम भरायला तीन आठवडे गेले. त्यानंतर धम्मपाल शहागंजला गेला आणि उजवा हात काउंटरवर, दिव्याच्या उजेडात ठेवला. मुजीबभाईंनी चष्मा डोळ्यावर चढवला. अरेरे केलं नाही, कसं झालं विचारलं नाही. त्यांनी दोरीचं एक टोक घेतलं आणि अंगठ्यावरून हळू ओढत आणलं.

"इथं कळतं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

दोरी अंगठ्याच्या मुळाशी आली. मांडीची कातडी संपून तिथं त्याची स्वतःची सुरू होत होती. "इथं?"

"इथं कळतं. चांगलं कळतं."

"बस्स! मग इथंच ब्रेक लावायचा. लोक शेंड्यानं लावतात, तुम्ही बुडानं लावा. रीळ हातात जरा आडवं धरा." मुजीबभाई फळीकडं वळले. "हे पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं मियाँ. बारीक बिलकूल नक्को. जाड घ्या. जाड दोरी कापत नाही, स्वतःत रुतत नाही. मरळीसाठी लांब फेकायची गरजच काय? कयाक आहे ना, हळूच जवळ जायचं." त्यांनी हिरव्या दोरीकडं हात नेला.

"पिवळी हाये का?" धम्मपालनं विचारलं.

"पिवळी? सगळे हिरवी नेतात. पिवळी मच्छीला दिसते म्हणतात."

"मला दिसायला पाहिजे," धम्मपाल म्हणाला. "अंगठ्याला जे कळत न्हाई ते डोळ्यांनी बघावं लागंल. बॉबिनवर दोरी फुगायला लागली की पिवळी लगेच दिसंल."

मुजीबभाईंनी एकवार त्याच्याकडं बघितलं आणि वरच्या फळीवरून पिवळ्याजर्द ब्रेडची गुंडाळी काढली. सोबत थोडा तंगूसही बांधून दिला. निम्मा बॉबिनच्या तळाशी गुंडाळायला, कारण गुळगुळीत बॉबिनवर नुसती ब्रेड घसरते, आणि निम्मा दोरीच्या शेवटी, गळाच्या आधी हातभर जोडायला. मासा नावेखाली घुसला आणि दोरी कडेला घासली तर ब्रेड कच्चकन तुटते, तंगूस टिकतो. शिवाय तेवढा हातभर तंगूस झटकाही थोडा सोसतो.

भरायचं काम रूपानं केलं. ओलं फडकं चिमटीत धरून तिनं दोरीला असा ताण दिला की बॉबिन लाकडासारखी घट्ट झाली. पुढचा आठवडाभर रोज सकाळी कामावर जायच्या आधी धम्मपाल गच्चीवर एक जड नट बांधून फेकायचा सराव करत होता. शेजारच्या भागूबाईंनी धुणं वाळत घालता घालता विचारलं, "काय धम्मपालभाऊ, या वयात पतंग?"

"व्हय," तो म्हणाला, "पाण्यातला."

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा तलावावर गेला. आप्पासाहेबांनी कयाक ढकलून दिली आणि बांधावर बैठक मारली. पहिल्या दोन फेकींत पिवळी दोरी जरा फुगली, ती त्याला दिसली, त्यानं अंगठ्याच्या मुळानं दाबली. तिसरी फेक लव्हाळ्याच्या फटीत जिथं पाहिजे तिथंच पडली. बेडूक दोन उड्या मारतो न मारतो तोच पाणी उकळल्यासारखं फुटलं.

या वेळी दोरी ताणली नाही. झटका थेट जबड्यापर्यंत गेला आणि गळ रुतल्याचं मनगटाला समजलं. मरळ लव्हाळ्यात घुसली, तिच्यामागं केशरी कयाकही घुसली. धम्मपालनं पाय नावेच्या दोन्ही कडांना रोवले. मासा उसळून बाहेर आला आणि सरळ नावेखाली गेला. दोरी कडेवर करकरली. तो हातभर तंगूस घासला, पांढरा पडला, पण तुटला नाही. मग बॉबिनवर अंगठ्याचं बूड टेकवून त्यानं वीतवीत दोरी दिली, वीतवीत घेतली. तिथं त्याला सगळं कळत होतं. माशाचं डोकं हलवणं, थकणं, पुन्हा एकदा शेवटचा जोर करणं. आप्पासाहेब बांधावर उभे राहून ओरडत होते, पण काय ते त्याला ऐकू आलं नाही.

अडीच किलोची मरळ होती. आप्पासाहेबांनी तिचा फोटो काढून चेन्नईला पाठवला. लगेच उत्तर आलं, "काका, कोणती दोरी लावली?" धम्मपालला त्यावर लांबलचक लिहायचं होतं. पण मोबाइलवर टाइप करायला त्याला वेळ लागायचा. त्यानं नुसतं लिहिलं, "पिवळी. जाड. काकूनं भरलेली."

संध्याकाळी रूपानं कालवण केलं. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "त्या नावेत दुसऱ्या माणसाला बसता येतं का?"

"येत न्हाई. एकाचीच हाये. अन् वजन जास्त झालं तर—"

"माझ्या वजनाचं मी विचारलं न्हाई."

"तसं न्हाई गं."

"मग काठावर बसंन. आप्पासाहेबांच्या मालकीणबाईंचे दोन ब्लाउज कधीचे शिवायचेत, माप घेणं व्हईल."

पुढच्या रविवारी ती खरंच गेली. माप घेऊन झाल्यावर बांधावरच्या लिंबाखाली बसून ती पाण्याकडं बघत राहिली. लांबवर केशरी नाव, तीत बसलेला नवरा आणि उन्हात मधूनच चमकून जाणारी पिवळी रेघ. त्या दिवशी वारा फार होता आणि मासा एकही लागला नाही. एकदा घरटंही झालं. धम्मपालनं ते उकलायला अर्धा तास घेतला. ती काठावरून बघत होती आणि त्याला घाई नव्हती.